खचणे आणि खचवणे

‘डिमॉरलाइझ’ हा शब्द आता इंग्रजीचा राहिलेला नाही. सामना हरलेली टीम डिमॉरलाइझ होते, बदली झालेला शिक्षक डिमॉरलाइझ होतो, आणि टीव्हीवरच्या चर्चेत कुणी एखाद्या गोळीबाराची चौकशी मागितली की लगेच समोरून उत्तर येतं: अशाने पोलिस डिमॉरलाइझ होतील. शब्द इतका सवयीचा झालाय की त्याच्या पोटात काय आहे ते कुणी पाहत नाही.

अमेरिकन कोशकार नोहा वेबस्टर याने 1790च्या दशकात फ्रेंच राज्यक्रांतीवर एक पुस्तिका लिहिली. फ्रेंचमधला हा शब्द त्याने तिच्यात इंग्रजीत आणला. तेव्हा त्याचा अर्थ धीर खचवणे असा नव्हताच. माणसाची नीती बिघडवणे, त्याला चारित्र्याने सडवणे, असा होता. सैन्याचा धीर मोडणे हा अर्थ पुढच्या शतकात चिकटला. फ्रेंचमध्ये नीतीसाठी एक शब्द आणि मनाच्या उभारीसाठी दुसरा, दोघांत फरक शेवटच्या एका अक्षराचा आणि लिंगाचा. इंग्रजांनी उभारीचा अर्थ घेतला आणि स्पेलिंग नीतीचं घेतलं. तिथून हा गोंधळ सुरू आहे.

कन्नडमध्ये हा गोंधळ नाही. निदान जुन्या, घरच्या कन्नडमध्ये नाही. नीती बिघडवणे म्हणजे ‘नीतिगेडिसु’, धीर घालवणे म्हणजे ‘धैर्यगेडिसु’. दोन्हींत ‘केडु’ हे धातू, म्हणजे नासणे. दूध नासतं तेव्हाही हेच क्रियापद. नासलं काय ते मात्र स्पष्ट सांगावं लागतं, नीती की धैर्य. ‘कंगेडु’ म्हणजे डोळेच नासणे, भांबावून जाणे, पुढे काय करावं ते न दिसणे. आणि मला सगळ्यांत आवडणारा शब्द ‘एदेगुंदु’. ‘एदे’ म्हणजे छाती, ‘कुंदु’ म्हणजे उणं होणं. छाती उणी होणं. धाडसी माणसाला कन्नडमध्ये ‘एदेगार’ म्हणतात, छातीवाला. सोलापूर-अक्कलकोटकडच्या ज्या वाचकांच्या कानावरून कन्नड रोज जाते त्यांना हे सांगायची गरज नाही. बाकीच्यांनी आपलं ‘छाती दडपणे’ आठवावं.

वर्तमानपत्री कन्नड मात्र वेगळी. तिथे ‘नैतिक स्थैर्य कुग्गिसु’ असं छापून येतं. ‘कुग्गिसु’ म्हणजे आक्रसवणे, खाली दाबणे, ते ठीक. पण पोलिसांच्या उमेदीला ‘नैतिक’ कशाला म्हणायचं? इंग्रजी शब्दात ‘मॉरल’ दिसलं म्हणून. याचा परिणाम असा होतो की चौकशी मागणारा माणूस आपोआप नीतीच्या विरुद्ध बाजूला जाऊन उभा राहतो. साध्या ‘धैर्यगेडिसु’ने हे झालं नसतं. ‘चौकशीने तुमचं धैर्य जातं का?’ असं तरी विचारता आलं असतं.

मराठीने यात आणखीच मजा केली आहे. आपण ‘मनोधैर्य खच्ची करणे’ म्हणतो. ‘खच्ची’ हा अरबी ‘खसी’वरून आलेला शब्द. बकरी ईदच्या बाजारात ‘खस्सी’ बोकड कोणता हे आपल्या घरात पोरांनाही कळतं, आणि पशुसंवर्धन खात्याच्या कागदांत ‘खच्चीकरण’ बैलांचं असतं. तोच शब्द मंत्री बिनधास्त पोलिस दलाला लावतात आणि कुणाला हसूही येत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते कन्नडमधल्या एका छोट्या प्रत्ययाबद्दल. ‘एदेगुंदु’ म्हणजे धीर खचणे. त्याला ‘-इसु’ लावा, ‘एदेगुंदिसु’ होतं, धीर खचवणे. ‘-इसु’ आला की करणारा कोण हा प्रश्न येतोच. मराठीतही ‘खचणे’ आणि ‘खचवणे’ आहेत. फक्त कोणासाठी कोणतं वापरायचं हे आपण न बोलता ठरवून टाकलंय. अधिकारी, पोलिस, सरकार यांचं मनोधैर्य कुणीतरी खचवतं. खचवणारा पत्रकार असतो, वकील असतो, प्रश्न विचारणारा असतो. आणि गरिबाचं, दलिताचं, मुसलमानाचं मनोधैर्य? ते आपोआप खचतं. ‘समाज खचला आहे’, ‘तरुणांत निराशा आहे’. कर्ता गायब. जणू पावसाने भिंत खचली.

भिवंडीच्या किंवा मालेगावच्या एखाद्या मुलाचं नाव ऐकून घरमालक खोली नाकारतो, नोकरीच्या मुलाखतीत त्याला भलताच प्रश्न विचारला जातो. 2006 साली सच्चर समितीने शिक्षण आणि नोकऱ्यांतलं मागासलेपण आकड्यांत मांडलं, 2013 साली महमूदुर रहमान समितीने महाराष्ट्रापुरतं तेच केलं. महाराष्ट्रात 2014 साली पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला, शिक्षणापुरतं ते उच्च न्यायालयानेही अंतरिम आदेशात राहू दिलं, आणि पुढच्या सरकारने अध्यादेश विरू दिला. या वाक्यांत कर्ते आहेत. तरी आपण म्हणतो, पोरं खचली.

वेबस्टरचा जुना अर्थ इथे परत भेटतो. ज्याला वारंवार कळतं की सरळ मेहनतीने काही मिळत नाही, तो एक दिवस म्हणतो, मग कॉपी केली तर काय बिघडलं, एजंटाला पैसे दिले तर काय बिघडलं. आधी धैर्य जातं, मागोमाग नीती. कन्नडने दोन शब्द वेगळे ठेवले हे बरोबरच, पण त्यांच्यातलं अंतर फार नाही.

आता ‘-इसु’ आपल्या घरातही लावून पाहिला पाहिजे. दहावी-बारावीच्या गुणगौरव समारंभात आपले वक्ते अर्धा तास सांगतात की या देशात तुमचं काही होणार नाही, आणि शेवटच्या मिनिटाला म्हणतात, ‘मुलांनो, हौसला ठेवा.’ काका सांगतात, शिकून तरी काय, शेवटी गॅरेजच. मुलगी बारावीला नव्वद टक्के आणते आणि पुढचा प्रश्न स्थळाचा असतो. ही मुलं खचत नाहीत, खचवली जातात, आणि हे करणारे स्टेजवर हार घालून बसलेले असतात. त्यांना कोणी विचारत नाही की तुमच्या भाषणाने पोरं डिमॉरलाइझ होतात का. विचारलं तर मात्र समाजाचं मनोधैर्य खच्ची करू नका, असं उत्तर मिळतं.