मर्ज झालं, तरी वाचायला हवं

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, ही चूक माझीच आहे, म्हणून मोकळेपणाने सांगतो.

इथे वणीत मी आणि सोबतच्या मॅडमनी सहावीचे स्वाध्याय गिटवर ठेवायला सुरुवात केली. गिट म्हणजे फाईलमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते 2005 मध्ये तयार केलं. दोघांनी आपापल्या ब्रँचवर, म्हणजे वेगळ्या प्रतीवर, काम करायचं आणि शेवटी मर्ज करायचं, असं ठरलं.

एका प्रश्नात निर्गुडा नदीवर 10 ओळी लिहायच्या होत्या. मॅडमनी 15 केल्या, मीही माझ्या प्रतीत 15 केल्या. मग विचार आला, कापूस वेचणीचे दिवस आहेत. आईसोबत शेतात राबून आलेली पोरगी रात्री 15 ओळी कधी लिहिणार? मी परत 10 केल्या. मर्ज केलं, कॉन्फ्लिक्ट आला नाही, न वाचता छापून वाटलं. दुसऱ्या दिवशी एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "सर, 12च झाल्या, झोप लागली." कागदावर 15 छापलं होतं!

आधी वाटलं, गिटच बिघडलं. तसं नव्हतं. मर्ज करताना गिट तीनच प्रती पाहतं: दोघांची सामाईक मूळ प्रत, मॅडमची शेवटची आणि माझी शेवटची. मुळात 10, माझ्याकडे 10, म्हणजे मी काही बदललंच नाही. मॅडमकडे 15, म्हणजे त्यांनी बदललं. मग 15 राहिलं. मधे मी 15 करून मागे घेतलं, हे नोंदीत आहे, पण मर्ज त्याकडे बघत नाही. मी मागे घेण्याआधी मॅडमची ब्रँच माझ्यात मर्ज केली असती, तर सामाईक प्रतीत 15 असतं आणि माझे 10 हा नवा बदल ठरून टिकला असता.

माझं मत स्पष्ट आहे. मुलांना संगणक शिकवताना नुसत्या कमांड पाठ करून घेऊ नका; मशीन काय पाहतं आणि काय पाहत नाही, हे शिकवा. कॉन्फ्लिक्ट न येणं म्हणजे बरोबर असणं नव्हे. लवकर लवकर मर्ज करा, मागे घेतलेला निर्णय जोडीदाराला तोंडी सांगा आणि छापण्याआधी एकदा वाचा.

कापूस वेचणीचे दिवस गिटला ठाऊक नसतात. ते आपल्यालाच लक्षात ठेवावे लागतात.