‘क्लिअर ऑल’ दाबून फोन फास्ट होतो का?

मोबाइल जरा अडखळला, की अंगठा आपोआप ‘रिसेंट अ‍ॅप्स’कडे जातो. एकेक अ‍ॅप वर सरकवायचं, नाहीतर थेट ‘क्लिअर ऑल’. फोन हलका झाल्यासारखा वाटतो. प्रोसेसरच्या बाबतीत हे समाधान बहुतांशी फसवं आहे. तरीही मोबाइल कंपन्या ते बटण अंगठ्याखालीच ठेवतात.

प्रोसेसरचा एक कोअर एका क्षणी साधारण एकच काम करतो. फोनमध्ये आठ कोअर असले, तरी कामं शेकडो असतात. कुणाला कधी आणि किती वेळ द्यायचा, हे ऑपरेटिंग सिस्टिममधला ‘शेड्युलर’ ठरवतो. हा वेळ मिलिसेकंदांत वाटला जातो. त्यामुळे गाणं, डाउनलोड आणि चॅट एकाच वेळी चालल्यासारखं वाटतं.

अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स आहे. त्यात २००७ मध्ये इंगो मोल्नार यांचा ‘कम्प्लीटली फेअर शेड्युलर’ आला. त्याचं तत्त्व रिक्षाच्या मीटरसारखं आहे. प्रत्येक कामाचं मीटर सुरू. ज्याचं मीटर सगळ्यांत कमी पळालंय, त्याचा नंबर पुढे. महत्त्वाच्या कामाचं मीटर मुद्दाम हळू पळवतात, म्हणजे त्याला जास्त वेळ मिळतो. २०२३ मध्ये लिनक्स ६.६ पासून ‘ईईव्हीडीएफ’ ही पद्धत आली. ती हिशेबाबरोबर डेडलाइनही बघते.

आता खरी गंमत. जे अ‍ॅप तुमच्या टचची किंवा नेटवरून येणाऱ्या डेटाची वाट बघतंय, ते या रांगेत उभंच नसतं. ते झोपलेलं असतं. शिवाय अँड्रॉइड ११ पासून मागे पडलेली अ‍ॅप्स चक्क गोठवून ठेवण्याची सोय आहे. म्हणजे ‘रिसेंट’मधली बरीचशी अ‍ॅप्स प्रोसेसरचा वेळ खातच नाहीत. ती बंद करून पुन्हा उघडली, की मात्र शून्यापासून सगळं लोड होतं आणि प्रोसेसरला जास्त राबावं लागतं. रॅम कमी पडली तर अँड्रॉइड जुनी अ‍ॅप्स स्वतःच काढतं. हँग झालेलं अ‍ॅप किंवा चालू राहिलेलं नेव्हिगेशन जरूर बंद करा. बाकीच्यांना राहू द्या.

माझा राग आहे तो काही कंपन्यांच्या ‘बॅटरी सेव्हर’वर. शेड्युलर निदान प्रत्येकाला वाटा देतो. हे सेव्हर न विचारता अ‍ॅपच मारून टाकतात. मग आजीच्या बीपीच्या गोळीचा रिमाइंडर वाजत नाही, डिलिव्हरीवाल्याला ऑर्डर कळत नाही आणि शिव्या खातं बिचारं अ‍ॅप. लिनक्सच्या शेड्युलरचा कोड कुणीही उघडून वाचू शकतो. या सेव्हरने कोणतं अ‍ॅप, किती वाजता, का बंद केलं, हे फोनच्या मालकाला सहज दिसत नाही. ती यादी सेटिंग्जमध्ये साध्या मराठीत दिसायला हवी, आणि ही सोय विकत घेताना सुरू नव्हे, बंद असायला हवी.

तोवर घरातल्या मोठ्यांच्या फोनमध्ये औषधाच्या अ‍ॅपची बॅटरी सेटिंग उघडा आणि ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. काही फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ वेगळं सुरू करावं लागतं, तेही बघा.