जुन्या पिकअपचा थंडावा : आधीं गळती, मग गॅस

दरवर्षीं ऊन तापूं लागलें कीं जुनी पिकअप बाळगणारे पुष्कळ शेतकरी एसी थंड करीत नाहीं म्हणून गॅस भरून घेतात, आणि पुढील चैत्रांत पुन्हां त्याच कामासाठीं गॅरेजच्या दारीं उभे राहतात. हा प्रघात खर्चाचा व यंत्रास घातक आहे. कारण शोधल्यावांचून गॅस भरूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मालवाहू गाडीस थंडावा हवाच कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु भर दुपारीं भाजीपाला घेऊन दूरच्या बाजारास जाणाऱ्या चालकाचें लक्ष उष्म्यानें ढळतें, हें उघड आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालमोटारींत चालकासाठीं एसी असलाच पाहिजे, असा केंद्र सरकारचा नियम आहे. लहान व जुन्या गाड्या त्यांत येत नाहींत. त्यांची काळजी मालकानेंच वाहिली पाहिजे.

एसीचा गॅस हा डिझेलप्रमाणें जळून संपणारा पदार्थ नव्हे. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. जुन्या रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडासा झिरपेल. पण दरसाल भरावा लागत असेल तर गळती आहेच. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचें तेलही जातें, व तेलावांचून कॉम्प्रेसर जाम होतो. जोडांवर तेलकट, धुळीनें माखलेला डाग दिसला तर गळती बहुधा तेथेंच असते.

शिवाय प्रत्येक दोष गॅसचा नसतो. गाडी धावतांना गारवा येतो व उभी राहतांच जातो, तर पंखा व रेडिएटरच्या पुढील कंडेन्सर पाहावा. कापणीच्या दिवसांतील भुसा व चिखल त्यांत दाटून वारा अडतो. पाण्याच्या हलक्या धारेनें, पाती न वाकवितां, तो धुतला कीं पुष्कळदां काम भागतें. वारा गार पण मंद येत असेल तर फिल्टर पाहावा. ब्लोअर केवळ सर्वांत जोराच्या टप्प्यावरच फिरत असेल तर बहुधा त्याचा रेझिस्टर जळालेला असतो. अशा वेळीं गॅस भरणें म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. उलट, गॅस प्रमाणाबाहेर झाला तर दाब वाढून थंडावा कमीच होतो.

हीटरची उपेक्षा तर याहून महाग पडते. पावसाळ्यांत समोरच्या काचेवर धरलेलें धुकें घालविण्यास तो उपयोगी आहेच. पण त्याची ऊब इंजिनाच्या कूलंटमधून येते. म्हणून हीटर गरम होईनासा झाला तर प्रथम, इंजिन पूर्ण निवल्यावर, कूलंटची पातळी पाहावी. तापलेल्या रेडिएटरचें झांकण कधींही उघडूं नये. पातळी ठीक असल्यास थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे काय, हीटरचा व्हॉल्व्ह बंद आहे काय, तें पाहावें. गाडींत गोडसर वास, ओली चटई व काचेवर चिकट थर आढळला तर हीटरची जाळी गळते आहे असें समजावें. ही गळती दुर्लक्षिली तर उद्यां इंजिनच तापून बसेल.

गळती शोधण्यास आज चार पैसे अधिक पडतात हें खरें. पण दरसालची भरती व शेवटीं नवा कॉम्प्रेसर यांचा हिशेब मांडला म्हणजे काटकसर कोणती तें कळतें. शेतकरी बंधूंनीं कारागिराकडून तीन गोष्टी आग्रहानें करून घ्याव्यात: रंगद्रव्यानें अथवा नायट्रोजनच्या दाबानें गळतीचा शोध, भरण्यापूर्वीं व्हॅक्यूम, आणि गाडीवर नमूद केलेल्या वजनाइतकाच गॅस.

यांत सार्वजनिक हितही आहे. ओझोनचा नाश करणारा आर-१२ हा गॅस १९८७ च्या माँट्रियल करारान्वयें मागें पडला व त्याच्या जागीं आर-१३४ए आला. तो ओझोनास अपाय करीत नसला, तरी शंभर वर्षांच्या हिशेबानें तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. पाऊसपाण्यावर ज्याचें पोट आहे त्या शेतकऱ्यानें तरी तो हवेंत सोडण्यासाठीं पैसे मोजूं नयेत.