जे आधी संपेल ते

मोटारीच्या पुढच्या कप्प्यात कंपनी दोन पुस्तकं ठेवते, एक जाड आणि एक पातळ. जाड पुस्तकात गाडी कशी वापरावी ते असतं, पातळ पुस्तकात वॉरंटी. दोन्ही एकाच कंपनीची, पण बांधावरून भांडण झालेल्या सख्ख्या भावांसारखी त्यांची तोंडं दोन दिशांना. जाड पुस्तक म्हणतं, एअरबॅगचा दिवा लागून राहिला तर वेळ न दवडता अधिकृत वर्कशॉप गाठा, अपघातात बॅग उघडणार नाही, जिवाशी गाठ आहे. पातळ पुस्तक म्हणतं, जरूर या, फक्त येताना पैसे घेऊन या. माझा वाद या पातळ पुस्तकाशी आहे.

ज्यांच्याकडे मोटार नाही त्या सुखी माणसांसाठी सांगतो. किल्ली फिरवली की समोर एक चित्र उजळतं. पोटाशी कलिंगड धरून बसलेला माणूस, असं आमची नात त्याचं वर्णन करते. काही सेकंदांत तो विझला की समजायचं, यंत्रणेने स्वतःची तपासणी केली आणि सगळं ठीक आहे. विझलाच नाही, तर कुठेतरी बिघाड आहे आणि बॅग उघडेल याचा भरवसा उरला नाही.

मी गाडी घेतली २०२२ च्या फेब्रुवारीत. वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल ते. २०२३ च्या अधिक महिन्यात जावईबापूंना पुढच्या सीटवर बसवून पुरुषोत्तमपुरीला नेलं, तेव्हा कलिंगडवाला शहाण्यासारखा विझत होता. २०२५ च्या एप्रिलमध्ये तो लागला तो लागलाच. गाडी तोवर २१ हजार किलोमीटर चालली होती. म्हणजे एक लाखातले ७९ हजार शिल्लक, पण कॅलेंडर दोन महिने पुढे गेलेलं. आमच्या शेजारच्या कंत्राटदाराची गाडी रोज परभणी नाहीतर नांदेड. त्याचे लाख किलोमीटर दोन वर्षांत संपले, कॅलेंडर शिल्लक राहिलं. जो कमी चालवतो तो तारखेला मरतो, जो जास्त चालवतो तो मीटरला. या ‘जे आधी संपेल ते’ नावाच्या खेळात कंपनी हरल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

जिल्ह्याच्या गावचं वर्कशॉप माजलगावहून ५० किलोमीटरवर. तिथल्या टाय लावलेल्या मुलाने संगणक जोडून निदान केलं : क्लॉक स्प्रिंग गेली. हे नाव ऐकून मला आजोबांचं किल्लीचं घड्याळ आठवलं, आणि प्रकार तसाच निघाला. स्टिअरिंग गरगर फिरतं, पण त्याच्या पोटातल्या बॅगेला वायर तर सतत जोडलेली हवी. म्हणून चपट्या फितीची एक गुंडाळी आत बसवतात, ती चाकाबरोबर सुटते आणि आवळते. ती तुटली की बॅग मुकी होते. हॉर्नची तारही बहुतेक गाड्यांत याच गुंडाळीतून जाते. माझा हॉर्न मात्र शाबूत होता. तो गेला असता तर मी त्याच दिवशी बीडला धावलो असतो, कारण हॉर्नशिवाय आमच्या बाजारपेठेतून माणूस दहा पावलं गाडी नेऊ शकत नाही. बॅगेशिवाय मात्र वर्षानुवर्षं नेऊ शकतो, आणि घोळ इथेच आहे.

खर्च सांगितला ९,४०० रुपये. मी म्हटलं, “विचार करतो.” पेन्शनर माणसाच्या भाषेत याचा अर्थ गावच्या मिस्त्रीला विचारतो. मिस्त्री म्हणाला, “गुरुजी, कशाला जिवाला घोर लावून घेता? काळी पट्टी चिटकवू. दिवाच दिसला नाही तर तरास कशाचा?” मग आवाज खाली आणून, बॅगेच्या जागी छोटा रेझिस्टर जोडला की यंत्रणाच फसते आणि दिवा आपोआप विझतो, हेही ज्ञान त्याने दिलं. त्याला मी दोष देत नाही. एका बाजूला ९,४०० आणि दुसऱ्या बाजूला दहा रुपयांची पट्टी असेल, तर मुलीची फी भरायची असलेला माणूस कुठली बाजू घेईल, हे कंपनीला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. पट्टी लावलेली ती गाडी उद्या विकली जाईल, आणि घेणारा बिचारा दोन बॅगा आहेत म्हणून पाच-दहा हजार जास्त मोजेल.

कंपन्यांचं म्हणणं मी ऐकून घेतलं आहे. म्हणतात, टायर झिजतो, बॅटरी मरते, त्याचे पैसे तुम्हीच देता ना? देतो. टायर मी रस्त्यावर घासतो आणि तो झिजताना मला दिसतो. एअरबॅग मी एकदाही वापरलेली नाही. गाडीतली ती एकच वस्तू अशी, की पैसे मोजून घ्यायची आणि कधी उपयोगाला येऊ नये म्हणून देवाला हात जोडायचे. शिवाय ती मी हौसेने बसवलेली नाही. ड्रायव्हरची बॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची २०२१ संपता संपता आधीच्या मॉडेलांनाही. सक्ती चांगलीच केली. पण सक्तीने विकलेल्या वस्तूची जबाबदारी तीन वर्षांत हौशी टेपरेकॉर्डरसारखी कशी संपते?

दुसरं म्हणणं उंदरांचं. उसाच्या तोडणीच्या दिवसांत आमच्याकडचे उंदीर बेघर होतात आणि बॉनेटखाली संसार थाटतात, वायरी कुरतडतात. मान्य. गणपतीच्या वाहनाने केलेल्या नुकसानीला कंपनी जबाबदार नाही. कुणी पुढे लोखंडी गार्ड ठोकला असेल, तर त्यालाही बोलायला तोंड नाही. त्या गार्डमुळे एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकतो, आणि डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं होतं. पण उंदीर आला होता हे कंपनीने सिद्ध करावं. नव्हता आला हे मी कसं सिद्ध करू? उंदराचा दाखला कुठल्या तहसीलमध्ये मिळतो?

मनात आणलं तर या कंपन्यांना सगळं जमतं. २०२३ च्या जानेवारीत मारुती सुझुकीने १७,३६२ गाड्या परत बोलावल्या. एअरबॅगच्या कंट्रोलरमध्ये दोषाची शक्यता होती. भाग फुकट बदलून दिला, आणि बदलेपर्यंत गाडी चालवू नका असंही सांगितलं. हे योग्यच झालं. म्हणजे या धंद्याची रीत अशी दिसते की दोष कंपनीला सापडला तर तो जिवाचा प्रश्न, आणि तोच दोष दिव्याने मला दाखवला तर तो माझ्या खिशाचा. अहो, दिवा तुमचाच, तपासणी तुमचीच! तुमच्याच यंत्राने दिलेला कबुलीजबाब आहे हा. आरोपीने गुन्हा कबूल करायचा आणि दंड फिर्यादीने भरायचा, हे कुठलं कोर्ट?

कायद्यात सोय आहे म्हणतात. १ एप्रिल २०२१ पासून सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकतं. पण गाडी सात वर्षांच्या आतली हवी, आणि त्याच मॉडेलच्या ठरावीक संख्येच्या मालकांनी तक्रार करायला हवी. अमेरिकेत फुकट दुरुस्तीची ही मुदत १५ वर्षं आहे. आपल्याकडे लोक गाडी नातवाच्या लग्नापर्यंत चालवतात, आणि मुदत मात्र निम्मी! आणि पट्टी लावलेले मालक तक्रार करणार कशी? त्यांना तर दिवा दिसतच नाही.

त्यातल्या त्यात दिलासा सर्वोच्च न्यायालयाचा. २० एप्रिल २०२२ चा निकाल आहे. २०१५ मध्ये घेतलेल्या एका ह्युंदाई क्रेटाच्या बॅगा २०१७ च्या अपघातात उघडल्या नव्हत्या. धडक पुरेशी जोराची नव्हती, असा कंपनीचा बचाव. न्यायालयाने तो मानला नाही. वेग आणि आघात यांचं गणित करणारा भौतिकशास्त्रज्ञ असावं, अशी अपेक्षा ग्राहकाकडून करता येत नाही, असं सांगून भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. मी चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं, तरी सेकंदाच्या विसाव्या हिश्शाच्या आत फुगणाऱ्या बॅगेचं गणित मला स्टिअरिंगमागे बसून जमणार नाही.

मी ९,४०० भरले. कलिंगडवाला विझला. सध्या पावतीची झेरॉक्स काढून बीडच्या ग्राहक आयोगासाठी अर्ज लिहितो आहे. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे कंपनीच्या दारात जायला नको, तिच्या वकिलाने आपल्याकडे यायचं. पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी फी २०० रुपये, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. ज्यांचा दिवा लागून राहिला असेल त्यांनी मीटरच्या आकड्यासकट त्याचा फोटो काढून ठेवावा, आणि वर्कशॉपच्या जॉबकार्डावर ‘जनरल चेकअप’ लिहू देऊ नये. ‘एअरबॅगचा दिवा अमुक तारखेपासून सतत चालू’ असं पूर्ण वाक्य लिहून घ्यावं, आणि खाली त्या टायवाल्या मुलाची सही.