सात रात्री आणि तीनशे साठ अस्थी

धर्मश्रद्धा आणि विज्ञान यांच्या संघर्षाचा विषय निघाला की गॅलिलिओपासून प्रारंभ करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. युरोपातील धर्मपीठ किती असहिष्णु होते हे सांगून झाले, की वक्ता 'आपल्याकडे मात्र असा संघर्ष कधी नव्हताच' असे म्हणतो आणि टाळ्या घेतो. आपल्या संघटनेच्या अधिवेशनांत हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे, एकदोनदा स्वतःही उच्चारले आहे. ते मागे घेण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

संघर्ष होता, आणि तो वैद्याच्या अंगणातच होता. तैत्तिरीय संहितेत अश्विनीकुमारांना सोमपानाच्या वेळी दूर ठेवले जाते, कारण ते चिकित्सा करीत मनुष्यांत फिरतात, म्हणून अशुद्ध. मनुस्मृतीने चिकित्सकास श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले आणि त्याचे अन्न पुवासमान मानले. शवाचा स्पर्श झाला तर स्नानावाचून शुद्धी नाही, हेही तेथेच सांगितले आहे. ज्या समाजात असे नियम होते, त्याच समाजात सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात शवशोधनाचा विधी लिहून ठेवला. ही केवढी धाडसाची गोष्ट होती, याचा विचार आपण परीक्षेपुरते ते सूत्र पाठ करताना करीत नाही.

तो विधी आपण सर्वांनी वाचला आहे, तरी पुन्हा पाहू. शव सर्वावयवसंपन्न असावे. मृत्यू विषाने किंवा दीर्घ व्याधीने आलेला नसावा, वय शंभर नसावे. आतड्यांतील मल काढून ते मुंज, वल्कल, कुश किंवा शण यांनी वेष्टावे, पंजरात ठेवून नदीच्या पाण्यात गुप्त जागी कुजू द्यावे. सात रात्रींनंतर बाहेर काढून वाळा, केस, बांबू वगैरेंच्या कूर्चाने हलकेहलके घासत, त्वचेपासून आतील प्रत्येक अंग डोळ्यांनी पाहावे. शस्त्राने अष्टविध कर्मे करणाऱ्या आचार्यांनी येथे मात्र शस्त्र न सांगता कूर्च सांगितला, आणि जागाही अप्रकाश सांगितली. कारण त्यांनी दिलेले नाही. मला स्वतःला त्यात शवस्पर्शाच्या अशौचाची सावली दिसते. धर्माला न दुखवता, पण डोळ्यांचा हक्क न सोडता काढलेली ती वाट असावी.

त्याच अध्यायात अस्थींची संख्या येते. वेदवादी तीनशे साठ म्हणतात, शल्यतंत्रात तीनशेच, असे आचार्य शांतपणे नोंदवतात. तीनशे साठ हा आकडा आला कोठून? शतपथ ब्राह्मणात संवत्सराच्या तीनशे साठ रात्रींशी पुरुषाच्या अस्थींची बरोबरी केली आहे. हा आकडा यज्ञाचा आहे, मोजणीचा नव्हे. चरकसंहितेतही तीनशे साठच, आणि त्या भरण्यासाठी दात, दातांची उखळे आणि नखेही जमेस धरली आहेत. सुश्रुताचार्यांचे तीनशेही आजच्या २०६ शी जुळत नाहीत. परंतु वेदवाद्यांचा आकडा समोर असताना 'आमच्या तंत्रात निराळे आहे' असे लिहिणे, हे पाऊल दोनशे सहाच्या दिशेचे होते.

पुढे काय झाले? अष्टांगहृदयाच्या अखेरीस वाग्भटाचार्य विचारतात, की ऋषिप्रणीत म्हणूनच ग्रंथ प्रिय असतील, तर चरक-सुश्रुत सोडून भेलादिकांचे ग्रंथ का वाचत नाही? इतका परखड प्रश्न विचारणाऱ्या याच आचार्यांनी अस्थी सांगताना दात-नखांसह तीनशे साठ हा आकडा आधी दिला, आणि धन्वंतरीचे तीनशे हे मत मागाहून. कूर्च हातातून सुटला, पाठ उरला.

युरोपची कथाही सांगतात तितकी सोपी नाही. धर्मपीठाने शवविच्छेदनास बंदी घातली होती असे सर्रास लिहिले जाते. १२९९ चा पोप बॉनिफेस आठवा याचा आदेश प्रेते उकळून अस्थी दूरदेशी नेण्याच्या प्रथेविरुद्ध होता, आणि पुढे थोड्याच वर्षांत बोलोन्यात मोंदिनो शवविच्छेदन करून शिकवीत होता. व्हेसेलियसने १५४३ मध्ये गेलनच्या चुका दाखविल्या (गेलनने दोन अस्थींचे मानलेले मानवी अधोहनु एकच अस्थी आहे, ही त्यांपैकी एक), तेव्हा सर्वाधिक संतापला तो त्याचा पॅरिसमधील गुरू सिल्व्हियस. गेलन चुकला नाही, त्याच्यानंतर माणसाचे शरीरच बदलले असावे, असा त्याचा युक्तिवाद! ग्रंथाला देव मानण्यासाठी धर्मगुरूच असावे लागते असे नाही.

या सिल्व्हियसची गाठ मला औषधनिर्मात्यांच्या बैठकांतही पडते. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात, बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्या अभ्यासावर घेण्यासारखे आक्षेप होते, ते घेतलेही गेले. पण मी ऐकलेले सर्वांत मोठ्या आवाजातील उत्तर होते, 'आमचे पाठ शास्त्रोक्त आहेत.' बाटलीत काय आहे हा प्रश्न होता. उत्तर ग्रंथात काय आहे याचे दिले गेले.

आपला तुटलेला धागा पुन्हा जोडला तो एका वैद्यानेच. कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजात वैद्यक शिकविणारे पंडित मधुसूदन गुप्त १८३५ साली नव्या मेडिकल कॉलेजात गेले, आणि १८३६ मध्ये त्यांनी स्वतः शवावर शस्त्र चालविले. फोर्ट विल्यमवरून तोफांची सलामी झाली म्हणतात, ती आख्यायिका बाजूला ठेवू. हूपरचा शरीररचनेवरील इंग्रजी ग्रंथ याच गृहस्थांनी संस्कृतात आणला होता. सुश्रुत वाचलेल्या माणसाला शवाला हात लावणे हे धर्मांतर वाटले नाही, ही गोष्ट मला तोफांहून मोठी वाटते.

आता आपल्याकडे वळू. नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने शल्य व शालाक्याच्या पदव्युत्तर वैद्यांसाठी ५८ शस्त्रकर्मे अधिसूचित केली. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी संप केला, आणि आपण सुश्रुताचार्यांचे नाव घेऊन मैदानात उतरलो. योग्यच केले. पण मी ज्या महाविद्यालयातून बी.ए.एम.एस. झालो, तेथे साठ विद्यार्थ्यांत एक शव होते. फॉर्मॅलीनने डोळे चुरचुरत, पुढच्यांच्या खांद्यांवरून जे दिसेल ते पाहायचे. हस्तधमनी मी चित्रातच नीट पाहिली. ते शव बेवारस होते. १९४९ च्या मुंबई ॲनाटॉमी ॲक्टने अशी शवे महाविद्यालयांना मिळतात. ज्याला कोणी नाही त्याचा देह आपण विद्येसाठी वापरतो, ज्याला आप्त आहेत त्याचा देह धर्माचा, ही विभागणी आपण किती सहज स्वीकारली आहे!

हे मी कोणाला सुनावण्याच्या अधिकाराने लिहीत नाही. माझे वडील शिक्षक आणि वारकरी. २००५ साली मधु दंडवते यांचा देह जे. जे. रुग्णालयास दिला गेल्याची बातमी वाचून त्यांनी देहदानाचा अर्ज भरला आणि माझ्या हाती दिला. 'तुझ्या विद्येला उपयोगी पडेन' एवढेच म्हणाले. गेल्या आषाढात ते गेले. रात्रीचे अकरा वाजले होते. मी शरीररचना विभागास दूरध्वनी केला, सकाळपर्यंत देह आणा असे उत्तर मिळाले. तोवर काका आणि आत्या गावाहून पोहोचले. "तू वैद्य असशील," काका म्हणाले, "पण अग्नी दिला नाही तर अण्णांना गती कशी मिळणार?" आत्या नुसती रडत होती. माझ्याजवळ सुश्रुताचार्य होते, वाग्भटाचार्य होते, अण्णांच्या सहीचा कागद होता. मी तो कपाटातून काढलाही नाही. सकाळी अग्नी मीच दिला.

दशक्रियेनंतर गुरुजींशी बोलताना सहज विषय निघाला. ते म्हणाले, "मला आधी विचारायचे होते. देह हाती नसेल तर पालाशविधी आहे की. पळसाच्या देठांची प्रतिकृती करून तिला अग्नी देता येतो." अस्थींप्रमाणे तीनशे साठ देठ लागतात, असेही त्यांनी सांगितले. हा विधी ऐतरेय ब्राह्मणाइतका जुना आहे, हे मी नंतर वाचले. ज्या आकड्याशी सुश्रुताचार्यांनी असहमती नोंदविली, तोच आकडा काकांचेही समाधान करू शकला असता आणि अण्णांचा देह त्यांच्या इच्छेप्रमाणे विद्यार्थ्यांपुढे गेला असता. धर्मात दार होते. ते आहे का, हेच मी विचारले नाही.

संघटनेच्या कार्यकारिणीपुढे मी एक प्रस्ताव ठेवत आहे. येत्या धन्वंतरी जयंतीस प्रत्येक जिल्हा शाखेने सभासदांचे देहदानाचे अर्ज भरून घ्यावेत आणि ते जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या रचनाशारीर विभागास द्यावेत. अर्जावर आप्तांच्या सह्या आधीच असाव्यात, आणि गावच्या गुरुजींनाही त्या दिवशी बोलवावे. माझा अर्ज भरून झाला आहे. पत्नीची व मुलाची सही आहे. एक प्रत घेऊन मी काकांकडे गेलो होतो. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, घडी घालून परत दिली आणि चहा ठेवायला सांगितले.