अभ्यासिकेत कॉल घेता येत नाही

गेल्या मंगळवारची गोष्ट. सकाळचे साडेदहा. रोजचा स्टँडअप कॉल चालू होता. माझा नंबर आला, मी अनम्यूट केलं आणि नेमका तेव्हाच खालून आईचा आवाज, "अरे पाणी आलंय, मोटर लाव!" पुण्या-बंगळूरच्या मंडळींना हसू आलं. सोलापूरकरांना येणार नाही. वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी बघितलेल्या गावात नळ वाजला की आधी मोटर, मग बाकीचं जग. मी माईक बंद केला, मोटर लावली, परत येऊन "नेटवर्क इश्यू होता" असं ठोकून दिलं. असं खोटं आपण सगळेच बोलतो, नाही का?

तर आजचा विषय असा, की जुळे सोलापुरात राहून नोकरी करायची तर बसायचं कुठे?

थोडी पार्श्वभूमी सांगतो. २०१९ ला इंजिनिअर झालो आणि इथल्या रिवाजाप्रमाणे हुतात्मा एक्स्प्रेसने पुणं गाठलं. मार्च २०२० मध्ये आठ दिवसांसाठी म्हणून दोन टी-शर्ट घेऊन घरी आलो, तो अजून इथेच आहे. आधी लॉकडाऊन होतं म्हणून, मग वडिलांची तब्येत म्हणून, आणि आता खरं सांगायचं तर मला इथे बरं वाटतं म्हणून. संध्याकाळी सातला चहाच्या टपरीवर कोणीतरी "काय करलालास बे?" असं विचारतं. पुण्यात चार वर्षं राहिलेल्या मित्राला त्याच्या शेजाऱ्याचं नाव माहीत नाही.

पण घरी काम होत नाही. म्हणजे होतं, पण माणूस चोवीस तास अर्धा ऑफिसात आणि अर्धा घरात असतो. कॅफे करून पाहिला. दुसऱ्या कॉफीनंतर वेटर आपल्याकडे बघतो ते बघणं सहन होत नाही. गावात एक को-वर्किंग जागाही पाहिली. काचेच्या केबिन, खोटं हिरवं गवत, भिंतीवर मेहनत करा वगैरे सांगणारे फलक. जागा वाईट नव्हती. पण रोज डबा घेऊन, आसऱ्याचा पूल ओलांडून, ट्रॅफिकमध्ये अडकून तिथे जायचं असेल तर मग हिंजवडीनं काय घोडं मारलं होतं?

शेवटी घरापासून चार मिनिटांवर जागा सापडली, ती म्हणजे अभ्यासिका. एमपीएससीवाल्या पोरांची. ठरलेली खुर्ची, लॉकर, वायफाय, इन्व्हर्टर, थंड पाणी, सकाळी सहा ते रात्री अकरा, आणि महिन्याचे पैसे हजाराच्या आत. मला तर हसूच आलं. ज्याला जगभर को-वर्किंग म्हणून विकतात ते महाराष्ट्रातल्या गावोगावी आधीपासून चालू आहे की! फक्त नाव साधं आहे आणि भिंतीवर भारताचा नकाशा आहे.

अडचण एकच. अभ्यासिकेत बोलायचं नाही. कॉल आला की मी जिन्यात. पाचव्यांदा जिन्यात गेलो तेव्हा मालक काका म्हणाले, "तुमचा अभ्यास लई बोलका आहे हो." :)

हसून सोडून दिलं, पण नंतर विचार करत राहिलो. आपल्याला नक्की काय हवंय? खुर्ची तर मिळाली. सॅन फ्रान्सिस्कोत २००५ मध्ये ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या प्रोग्रॅमरने को-वर्किंग सुरू केलं, तेव्हा त्याला एकट्याने काम करण्याचं स्वातंत्र्य आणि ऑफिसातली सोबत दोन्ही एकत्र हवं होतं. पुढे वीवर्कसारख्या कंपन्यांनी त्यातल्या खुर्च्यांचा धंदा केला. २०१९ मध्ये ४७ अब्ज डॉलर किंमत लावून घेतलेली ही कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात उभी होती. म्हणजे मूळ गोष्ट सोबत होती, खुर्ची नव्हे.

आणि सोबत नसली की काय होतं ते मला गेल्या महिन्यात कळलं. कंपनीची मेल आली, पुढच्या तिमाहीपासून आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात यायचं. मी रात्री एकटाच बसून गणित करत होतो. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर. २०२३ पासून वंदे भारत आहे, पण आठवड्यातून तीनदा? मॅनेजरला काय लिहू, कसं लिहू, चार मसुदे खोडले. आठ दिवसांनी त्याच टपरीवर समजलं की मागच्याच गल्लीत आमच्याच कंपनीचा एक मुलगा राहतो. त्यानंही मसुदे खोडले होते. चार वर्षं आम्ही तीनशे मीटरवर राहत होतो आणि एकमेकांना ठाऊक नव्हतो!

वर्क फ्रॉम होम आपण शोधून काढलं असं आपल्याला वाटतं. सोलापुरात तरी असं बोलू नये. पूर्व भागातल्या हजारो बाया पिढ्यान्‌पिढ्या घरीच बिड्या वळतात. कंपनीकडून पान-तंबाखू आणायचं, घरी वळायचं, नेऊन द्यायचं, मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबानं. घरी बसून काम करणारीही कामगारच, हे १९६६ च्या बिडी कामगार कायद्यात लिहिलेलं होतं. पण त्या बाया घरात एकेकट्या राहिल्या नाहीत. माल द्यायच्या जागी, मोर्चात, युनियनमध्ये भेटत राहिल्या. नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन घरं देऊन गेले. त्यांच्या कष्टांशी माझ्या एसीतल्या नोकरीची बरोबरी करत नाहीये, तेवढी अक्कल आहे. पण दहावी नापास म्हणून आपण ज्यांच्याकडे बघतही नाही त्यांना जे कळलं, ते आपल्याला कळू नये?

दुसरी बाजूही मांडतो. पुण्याचा पगार घेऊन आपण इथे राहिलो की भाडी वाढतात, हे खरंय. टपरीवर यूपीआय केलं म्हणजे गावात राहिलो असं होत नाही. म्हणून नुसतं राहण्यापेक्षा थोडं गावाच्या उपयोगी पडावं असं वाटतं.

असो. आता मुद्द्याचं. आयटी पार्कची चर्चा चालू आहे, होईल तेव्हा होवो. मी आणि तो मागच्या गल्लीतला मुलगा अभ्यासिकेच्या काकांशी बोललो. वरचा मजला रिकामा आहे. तिथे दोन बंद खोल्या कॉलसाठी, बाकी टेबलं. भाडं आम्ही सहा-सात जण वाटून घेणार, आणि रविवारी खालच्या पोरांना इंग्रजी-गणित फुकट शिकवणार. काका म्हणाले, "गणित नक्की शिकवा, इंग्रजीचं बघू." मॅनेजरला मेलही दोघांनी मिळून लिहिली. उत्तर अजून आलेलं नाही. कदाचित पुण्याला जावंही लागेल.

पण टेबलं तर घेऊन ठेवली आहेत. पहिल्या सोमवारी पाणी नसलं म्हणजे मिळवली!