पोरांची मस्करी कीं पोराचा छळ?

पोरानें एकाएकीं शाळेंत जाणें सोडलें म्हणजे बाप त्यास आळशी म्हणतो व मास्तर हजेरीपटावर गैरहजेरी मांडून मोकळे होतात. भंडारा जिल्ह्यांतील आमच्या धानकरी, कोष्टी, ढिवर व कासार बंधूंनीं अशा पोरास एकदां जवळ घेऊन विचारावें : शाळेंत तुला कोण काय म्हणतें? पुष्कळ वेळां उत्तरांत छडी नसते. जातीवरून, बापाच्या धंद्यावरून वा अंगाच्या रंगावरून रोज होणारी हेटाळणी असते.

हा छळ नवा नाहीं. साताऱ्यास शिकत असतां भीमराव आंबेडकरांस वर्गांत गोणपाटावर वेगळें बसावें लागे, आणि पाणी देणारा शिपाई नसला म्हणजे तहानलेलें राहावें लागे. 7 नोव्हेंबर 1900 हा त्यांच्या शाळाप्रवेशाचा दिवस. 2017 पासून महाराष्ट्र सरकार तो विद्यार्थी दिन म्हणून पाळतें. पण दिवस पाळून छळ थांबत नाहीं.

आतां कायदा पाहूं. शिक्षणहक्काचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या कलम 17 प्रमाणें मुलास मारणें वा मानसिक त्रास देणें मना आहे. तें मोडणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणें कारवाई होते. आम्ही मास्तर मंडळींनीं हें कलम प्रथम आपल्या हातास व जिभेस लावून घ्यावें.

मुलानेंच मुलास छळलें तर? त्यासाठीं महाराष्ट्राचा 1999 चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा आहे. चिडवणें, शिवीगाळ, धमकी हें सारें त्यांत येतें. लेखी तक्रार आल्यावर संस्थेच्या प्रमुखानें सात दिवसांत चौकशी केली पाहिजे. हयगय करणारा प्रमुख गुन्ह्यास साह्य करणारा ठरतो. गुन्हा शाबीत झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि पांच वर्षें दुसऱ्या संस्थेंत प्रवेश नाहीं.

येथेंच अडचण आहे. चौथीच्या पोरास पोलिसाच्या हवालीं करून काय साधणार? शिवाय 2009 च्या कायद्याचें कलम 16 आठवीपर्यंत मुलास शाळेंतून काढूं देत नाहीं. तें योग्यच आहे, कारण छळणारें पोरही गरिबाचेंच असूं शकतें. पण शिक्षा जड म्हणून शाळा तक्रारच दाबते, आणि सोसणारें पोर घरीं बसतें. सरकारनें शाळकरी मुलांसाठीं वेगळा व स्पष्ट कायदा करावा. मुदत सातच दिवसांची असावी. पण उपाय दोघांच्या पालकांस बोलावण्याचा, समज देण्याचा व छळलेल्या मुलावर लक्ष ठेवण्याचा असावा.

तोंवर स्वस्थ बसूं नका. बदलापूरच्या प्रकरणानंतर ऑगस्ट 2024 मध्यें सरकारनें शाळांस तक्रारपेटीविषयीं बजावलें आहे. आपल्या शाळेची पेटी कोठें आहे, ती कोण व केव्हां उघडतो, तें विचारा. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. त्या समितींत नुसती सही करण्यास जाऊं नका. छळाचा विषय काढा. दिवस, ठिकाण व बोललेले शब्द कागदावर उतरवा. लिहितां येत नसेल तर लिहवून घ्या. तो कागद मुख्याध्यापकांस द्या आणि त्याची पोंच घेतल्यावांचून घरीं परतूं नका.